झटकन उघडणारा नकाशा मला पुरत नाही

स्मार्ट सिटीचा जीआयएस (नकाशा आणि त्यामागची माहिती एकत्र सांभाळणारा) क्लाउड प्लॅटफॉर्म तपासायला बसलं की पहिला अर्धा तास थ्रीडी इमारती गरगरा फिरवून दाखवण्यात जातो. तेवढ्यात मी मेसेज वाचून घेते. डेमोतला नकाशा पळणारच. त्याच्या टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, आधीच बनवून कॅशमध्ये (तयार प्रतींच्या साठ्यात) ठेवलेल्या असतात. झूम 0 ला अख्खं जग 256 बाय 256 पिक्सेलच्या एका टाइलमध्ये बसतं, पुढे दर पायरीला संख्या चौपट. झूम 18 ला ती 6,871 कोटींवर जाते. एका शहराच्या वाट्याला यातल्या थोड्याच येतात, पण कॅशशिवाय चालणार नाही इतक्या नक्कीच.

म्हणून माझी आवडती चाचणी साधी आहे. मूळ डेटाबेसमध्ये जलवाहिनीची एक रेषा चार मीटर सरकवायची, सेव्ह करायचं आणि घड्याळ लावायचं. झूम 18 ला रेषा नव्या जागी दिसते, 15 ला जुनीच. त्याहून वाईट म्हणजे चित्र जुनं आणि क्वेरी, म्हणजे क्लिक केल्यावर डेटाबेसमधून येणारं उत्तर, नवी: पडद्यावर वाहिनी दिसतेय, त्यावर क्लिक केलं तर हाती काही लागत नाही, शेजारच्या मोकळ्या जागेवर केलं तर व्यासासकट सगळी माहिती हजर! खोदकामाला निघालेल्या माणसाने यातलं खरं काय मानायचं?

वेगाचं बोलायचं तर सरासरी मला सांगूच नका. 95 टक्के विनंत्या किती वेळात पूर्ण झाल्या ते सांगा, आणि तेही कॅश रिकामी करून. (एवढं म्हटलं की समोरचे एकमेकांकडे बघायला लागतात.) युरोपातल्या इन्स्पायर या भौगोलिक माहितीबद्दलच्या कायद्याच्या 2009 च्या नियमांत नकाशा सेवेसाठी 800 बाय 600 पिक्सेलचं चित्र 5 सेकंदांत, सेकंदाला 20 विनंत्या आणि 99 टक्के उपलब्धता असे किमान निकष आहेत. ऐकायला 99 टक्के भरघोस वाटतात, पण त्यात वर्षाकाठी साडेतीन दिवसांहून जास्त बंद राहायची मुभा आहे.

मग 60 अंश अक्षांशावर 500 मीटरचा बफर, म्हणजे एखाद्या जागेभोवती तेवढ्या अंतराचा पट्टा, काढायला लावते. हिशेब थेट वेब मर्केटर या वेबनकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत) होत असेल तर तो जमिनीवर जेमतेम 250 मीटर भरतो, कारण त्या प्रक्षेपणात तिथलं अंतर दुप्पट ताणलेलं असतं. विषुववृत्ताजवळच्या शहरात ही चूक दिसतही नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं खपून जाते.

आयएसओ 19157 या भौगोलिक डेटाच्या दर्जाच्या मानकातली पूर्णता, तार्किक सुसंगती, स्थानाची अचूकता वगैरे तक्ता मी भरतेच. पण तो डेटाचा दर्जा झाला; प्लॅटफॉर्म त्या डेटाचं काय करतो हे त्यात येत नाही.

शेवटी सगळा डेटा जिओपॅकेज या खुल्या फाइल-प्रकारात बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आकार बहुतेक वेळा धड येतात. जोडलेले फोटो, कोडच्या याद्या आणि कोणी कधी काय बदललं याचा इतिहास मात्र मागेच राहतो. ‘ते आमच्या सिस्टीममध्ये सुरक्षित आहे,’ असं उत्तर आलं, की त्या रकान्यात मी शून्य घालते.