दहा वाचकांचा ब्लॉग: आमच्या होस्टिंगची वाटचाल

ब्लॉग होस्टिंग सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच होतो आणि सर्व्हरही एकच. वेबसर्व्हर, डेटाबेस, लोकांनी चढवलेले फोटो, मेल, सगळं त्याच मशीनवर. लिहिणाऱ्याने लिहावं, बाकीची कटकट आम्ही सांभाळू, एवढीच कल्पना होती.

एका संध्याकाळी आमच्याकडच्या एकाचा लेख अचानक सगळीकडे पसरला आणि थोड्याच वेळात सगळ्यांचेच ब्लॉग उघडेनासे झाले. त्या रात्री एका लेखिकेचा मेल आला: ‘माझं लिखाण रोज जेमतेम दहा जण वाचतात. दुसऱ्या कुणाचा लेख गाजला म्हणून माझा ब्लॉग बंद का पडावा?’ याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. पुढची कित्येक वर्षं आम्ही तेच शोधत होतो.

घाईत पहिला उपाय चुकीचा केला. अपाची या आमच्या वेबसर्व्हरची (वाचकाला पान पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ‘मॅक्सक्लायंट्स’ ही मर्यादा वाढवली, म्हणजे एका वेळी जास्त लोक आत घेतले. आत घेतलेल्या प्रत्येकासाठी अपाचीची एक प्रोसेस, म्हणजे त्याची एक चालती प्रत, लागते. पानं बनवणारी पीएचपी ही भाषा पोटात घेऊन चालणाऱ्या एका प्रोसेसला ४० एमबी रॅम लागत असेल, तर २०० प्रोसेसना ८ जीबी लागते. तेवढी तर आमच्या मशीनची एकूण रॅमसुद्धा नव्हती. मशीन स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्कवर, गेलं आणि होतं तेही बंद पडलं.

रांगांचा एक नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. सेकंदाला येणाऱ्या विनंत्या (म्हणजे पानांच्या मागण्या) आणि प्रत्येकीला लागणारा वेळ यांचा गुणाकार केला, की एका वेळी सरासरी किती विनंत्या आत असतील ते कळतं. सेकंदाला १०० विनंत्या आणि प्रत्येकीला ५० मिलिसेकंद, तर ५ प्रोसेस पुरतात. त्याच विनंतीला २ सेकंद लागू लागले, की २०० लागतात. म्हणजे आमचा सगळा प्रश्न वेळेचा होता. आम्ही मर्यादा रॅममध्ये मावेल इतकी खाली आणली. गर्दीत लोकांना थांबावं लागे, पण सर्व्हर कोसळायचा थांबला.

वेळ कुठे जातो ते शोधायला मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे संथ क्वेरींची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची) नोंदवही, चालू केला. काही बदललं नाही तर त्याची मर्यादा १० सेकंदांची असते, म्हणजे त्याहून जास्त वेळ घेणारी क्वेरीच त्यात नोंदली जाते. आम्ही ती १ सेकंदावर आणली आणि मग जे दिसलं त्याने झोप उडाली.

प्रत्येक लेखाखाली ‘इतक्या वेळा वाचला’ असा आकडा दाखवायचो. लोकांना तो फार आवडायचा. तो लेखांच्याच टेबलमध्ये होता, त्यामुळे प्रत्येक वाचनासोबत त्या टेबलमध्ये एक लिहिणं होई. आमची टेबलं मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीत बनलेली, मायआयसॅम या साठवणीच्या प्रकारची. (२०१० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून न सांगता मिळणारा प्रकार इनोडीबी झाला.) मायआयसॅममध्ये लिहिताना अख्खं टेबल लॉक होतं, म्हणजे तोवर इतरांना ते वापरता येत नाही. कुणाच्या तरी जुन्या लेखांची संथ क्वेरी चालू असताना आकडा वाढवायची विनंती आली, की ती थांबून राही. लिहिणाऱ्याला अग्रक्रम असल्याने तिच्यानंतर आलेले सगळे वाचकही तिच्या मागे अडकत. एका ब्लॉगची एक संथ क्वेरी आणि एक साधा आकडा, एवढ्यावर सगळे ब्लॉग ठप्प होत होते. टेबलं इनोडीबीवर नेली, तिथे लॉक ओळीपुरता असतो. आकडे मेमरीत मोजून मिनिटाला एकदाच डेटाबेसमध्ये लिहू लागलो. आमच्या सगळ्या वाटचालीत सर्वांत मोठा फरक याच कामाने पडला, असं मला अजूनही वाटतं.

मग कॅश, म्हणजे एकदा बनवलेलं पुन्हा वापरायला हाताशी ठेवणं. मेमकॅश्ड हे मेमरीत कॅश ठेवणारं सॉफ्टवेअर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिलं. तीही लोकांची लिखाणं सांभाळणारीच सेवा, त्यामुळे त्यांच्या अडचणी वाचताना आपल्याच घरातलं वाचतोय असं वाटे. ते बसवलं आणि त्यापुढे एनजिनएक्स हा दुसरा वेबसर्व्हर बसवून तयार पानं थेट तिथूनच देऊ लागलो. गाजलेला लेख आता डेटाबेसपर्यंत जातच नव्हता. फक्त कॅशमधल्या त्या पानाची ठरलेली मुदत संपली, की शेकडो वाचक एकदम आत धडकत. तेव्हा एकालाच नवं पान बनवायला पाठवायचं आणि ते होईपर्यंत बाकीच्यांना जुनं दाखवायचं, अशी सोय लावली.

बहुतेक विनंत्या कॅशमधून जात होत्या. आम्ही खूश होतो. तेवढ्यात त्याच लेखिकेचा पुन्हा मेल आला: ब्लॉग बंद पडत नाही, पण उघडायला वेळ फार लागतो.

त्यांचं बरोबर होतं. कॅशमधून किती जातं हा आमचा आकडा विनंत्यांचा होता आणि विनंत्या बहुतेक गाजलेल्या ब्लॉगांच्या. रोज दहा वाचक येणाऱ्या पानाची मुदत पुढचा वाचक येण्याआधीच संपलेली असते, त्यामुळे तिथे प्रत्येकासाठी पान नव्याने बनतं. कॅशने मोठ्यांची सोय झाली आणि लहानांचा संथपणा आमच्या नजरेआड गेला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ब्लॉगचा वेळ वेगळा मोजतो आणि सरासरीऐवजी सर्वांत हळू पाच टक्के विनंत्या बघतो.

कॅशमागचं काम तिथून खरं सुरू झालं. ब्लॉग क्रमांक आणि प्रकाशनाची तारीख असा जोड इंडेक्स (लेख पटकन सापडावेत म्हणून क्रमाने लावलेली सूची) बनवला. त्याने डेटाबेसला दरवेळी लेख क्रमाने लावत बसावं लागेना. ‘जुने लेख’ची पानं त्याहून महाग पडत होती. २०,००० लेख ओलांडून पुढचे २० मागितले, तर डेटाबेस आधीचे २०,००० वाचून टाकून देतो. माणसं इतकी मागे क्वचितच जातात, पण सर्च इंजिनांचे बॉट (पानं आपोआप वाचणारे प्रोग्राम) रात्रभर जातात. आता शेवटच्या लेखाची तारीख आणि क्रमांक धरून त्यापुढचेच मागतो. शिवाय एका ब्लॉगने एका वेळी किती प्रोसेस वापरायच्या, यालाही मर्यादा घातली.

फोटो आणि डेटाबेस आता वेगळ्या मशीनवर आहेत. ते काम कष्टाचं होतं, पण सरळ होतं. टिप्पण्यांचं टेबल मात्र अजून जुन्याच रचनेचं आहे, सध्या तेच हाती घेतलंय. रोज सकाळी आम्ही सर्वांत हळू उघडणाऱ्या ५० ब्लॉगांची यादी काढतो. त्यात त्या लेखिकेचा ब्लॉग आहे का, हे मी आधी बघतो.