धावणाऱ्याचे ताट : बाराव्या आठवड्याची नोंद

यापूर्वीच्या नोंदींत मी केवळ अंतर आणि वेळ लिहीत आलो. दिवाळीनंतर स्वयंपाकघरात एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि तेव्हापासून कच्चे धान्य, डाळ, तेल, दूध असे सर्व काही मोजून वहीत उतरवू लागलो, म्हणून या वेळी ताटाचाच हिशेब मांडतो. वजन ६२ किलो, वय ४६, आठवड्यातून चार दिवस गावापासून दारव्हा रस्त्याने धावणे, आणि घरी शेतीची कामे. हिशेबासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली अन्नघटकांची कोष्टके वापरली. त्यांत ५२८ भारतीय पदार्थ आहेत आणि आपली ज्वारी, तूर, जवस हे सारे त्यात सापडते.

पहिल्या आठवड्याची सरासरी अशी निघाली : ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅम, म्हणजे चार भाकरी, तांदूळ १०० ग्रॅम, तूरडाळ ४० ग्रॅम, चहातले दूध १५० मिलिलिटर, आणि दोन वेळची भाजी. यातून प्रथिने साधारण ५६ ग्रॅम मिळत होती. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण धरले तर मला ५१ ते ५२ ग्रॅम पुरतात, म्हणजे आकडा वरवर ठीक दिसतो. पण त्या ५६ पैकी ३८ ग्रॅम एकट्या भाकरी-भातातून येत होते. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनलेली असतात. धान्याच्या प्रथिनांत त्यांपैकी लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते आणि ते धान्यातून भरून निघते. वरणाशी भाकर कुस्करून खाण्याची आपली रीत यामुळेच भक्कम आहे, मात्र त्या वरणात डाळ पुरेशी असली पाहिजे. शिवाय लांब पल्ल्याच्या धावकांसाठी दर किलोमागे किमान १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. माझ्यासाठी तो आकडा ७४ येतो.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली, ती सविस्तर लिहितो. प्रथिनांवर लक्ष ठेवण्याच्या भरात मी कर्बोदकांना शत्रू मानले, भाकरी चाराच्या दोन केल्या आणि भात सोडला. चार दिवसांत वजन दीड किलोने उतरले आणि मला ती चरबी वाटली. प्रत्यक्षात स्नायूंत आणि यकृतात कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवली जातात व त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा रिकामा झाला, पाणी गेले आणि काटा खाली आला, एवढाच त्याचा अर्थ होता. रविवारी १८ किलोमीटरच्या धावेत तेराव्या किलोमीटरला मांड्या जड झाल्या, अंगाला थंड घाम सुटला आणि उरलेले अंतर मी चालत कापले. हिशेब साधा आहे : दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण १ उष्मांक खर्च होतो, म्हणजे १८ किलोमीटरला सुमारे १,१००. स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावते, आणि एक ग्रॅम कर्बोदक ४ उष्मांक देते. कोठार भरलेले असेल तर ही धाव निभावते. अंगावरची चरबी कितीही असली तरी तिच्यातली ऊर्जा सावकाश मोकळी होते, वेग धरल्यावर ती एकटी पुरत नाही. तेव्हापासून आदल्या रात्री भाकर आणि भात दोन्ही, आणि पहाटे एक केळ व गुळाचा खडा, हा नेम ठेवला आहे.

तेलाचा हिशेब डबा तोलून केला. पाच माणसांच्या घरात सात दिवसांत १,४०० ग्रॅम तेल संपले, म्हणजे माणशी रोजचे ४० ग्रॅम. स्निग्ध पदार्थांचा एक ग्रॅम ९ उष्मांक देतो. त्यामुळे हे ४० ग्रॅम ३६० उष्मांकांचे होतात, जवळपास १०० ग्रॅम तांदळाइतके, आणि ताटात ते कुठे दिसतही नाहीत. म्हणून तर्री थोडी हलकी केली. स्निग्ध पदार्थ अजिबात टाळावेत असे मात्र मी म्हणणार नाही, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे त्यांच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग तर अल्फा-लिनोलेनिक आम्ल या गरजेच्या स्निग्धाम्लाचा असतो, जे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. जवस भाजून कुटलेला हवा, अख्खा दाणा बहुधा तसाच बाहेर पडतो. खलबत्त्यात लसूण-तिखटासोबत कुटलेली चटणी रोज दोन चमचे, हे आता ठरलेले आहे.

प्रथिनांची १८ ग्रॅमची तूट अशी भरली : तूरडाळ ४० वरून ८० ग्रॅम, मूठभर फुटाणे, वाटीभर दही. सोयाबीनचाही प्रयोग केला. आमच्या शेतातला दाणा न् दाणा बाजार समितीत जातो आणि घरात एक पायलीही राहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात सुमारे ३७ टक्के प्रथिने आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो, म्हणून दाणे उकळत्या पाण्यात शिजवून, उन्हात कडक वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो असे दळले. १०० ग्रॅम पिठातली प्रथिने साडेदहावरून १३ ग्रॅमवर गेली. पोळ्या मऊ होतात. ज्वारीच्या पिठात मिसळल्यावर भाकर थापताना कडा फाटतात, तेव्हा तो प्रयोग बंद केला.

आईला हे मोजणे मुळीच आवडत नाही. "घास मोजून खाल्लेलं आंगी लागत नाही, बाबू," असे ती पहिल्या दिवसापासून म्हणते. दहाव्या आठवड्यात, तिला न सांगता, मी तिचेही ताट मोजले. तिचे वजन ४८ किलो, गरज ४० ग्रॅम प्रथिनांची, आणि मिळत होती जेमतेम २८. कारण शोधायला दोन जेवणे लागली. ती सगळ्यांच्या नंतर वाढून घेते आणि वरणाचा गंज, म्हणजे पातेले, न ढवळता वरचे निवळ वरण वाटीत ओतते. खाली बसलेली डाळ रात्री आम्हा सर्वांसाठी ठेवते. तिच्या वाटीत डाळ १५ ग्रॅमही नव्हती.

आता वरण रवीने चांगले घोटूनच चुलीवरून उतरते, आणि तिची वाटी मी पहिल्यांदा, पळी तळापर्यंत फिरवून भरतो. कालची तिची बेरीज ३७ ग्रॅम आली. माझी १८ किलोमीटरची धाव या रविवारी न थांबता २ तास ४ मिनिटांत झाली.