घराच्या नैर्ऋत्येला काय आहे?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात राहायला आलात की आधी नकाशा पाठ करा. टोर्नेडोची वादळं इथं बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात, म्हणून आम्हा नॉर्मन गावच्या लोकांचा एक डोळा कायम नैर्ऋत्येच्या चिकाशे गावाकडे. टीव्हीवरचा हवामानवाला तर गल्लीबोळांची नावं घेत असतो. 2007 पासून इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा अख्ख्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, दिला जात नाही. वादळाच्या वाटेतला तुकडा नकाशावर आखून तेवढ्यालाच देतात. आपण त्या तुकड्यात आहोत की नाही हेच कळत नसेल, तर इशारा असून नसून सारखा.

घरचे फोनवर विचारतात, "म्हणजे आपली वावटळच ना?" नाही हो. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, आभाळ निरभ्र असलं तरी. टोर्नेडो ढगातून उतरतो. त्याचं नातं लावायचंच तर आपल्या वळवाशी लावा: एप्रिल-मेची काहिली, दमट हवा, दुपारनंतर चढणारे काळे ढग. इथं दमटपणा मेक्सिकोच्या आखातातून येतो आणि पश्चिमेच्या पठारावरची कोरडी हवा त्याला येऊन भिडते. खरा फरक वाऱ्यात. जमिनीलगत आग्नेयेचा वारा, वर पश्चिमेचा, तोही कितीतरी जोराचा. या ओढाताणीत मधली हवा लाटण्यासारखी आडवी गरगरते, आणि ढगात वर चढणारा झोत तिला उभी करतो. असा फिरता ढग म्हणजे सुपरसेल. त्यातलेही बहुतेक टोर्नेडो न पाडताच निघून जातात, गारा मात्र सढळ हाताने टाकतात.

'वॉच' लागला म्हणजे हवा टोर्नेडोला पोषक आहे. तेव्हा शेजारी निवांत बार्बेक्यू करत असतात. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलंय. मग हातात असतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. गावातला इशाऱ्याचा भोंगा दर शनिवारी दुपारी बाराला चाचणीसाठी वाजतो, पण तो मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी. बंद खिडक्यांआड झोपलेल्या माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये.

आमच्या उत्तरेला लागून असलेलं मूर गाव 1999 मध्ये उद्ध्वस्त झालं आणि 20 मे 2013 ला पुन्हा. त्या दुसऱ्या खेपेला 24 माणसं गेली. त्यानंतर अकराच दिवसांनी ओक्लाहोमातल्याच एल रीनो गावाजवळचा टोर्नेडो सव्वाचार किलोमीटर रुंद झाला आणि त्याने वाटही अचानक बदलली. अनुभवी वादळ-संशोधकसुद्धा त्यात सापडले. म्हणून नैर्ऋत्य-ईशान्य हा ठोकताळाच समजा, नियम नव्हे.

इथं तळघरं फारशी नसतात. बऱ्याच घरांत वादळात लपायला गॅरेजच्या फरशीखाली पोलादी पेटी पुरलेली असते, वरून सरकतं झाकण. शिकायला येणाऱ्या मुलांना ती कुठली मिळायला! तर पोरांनो, खोली बघताना भाडं आणि बसथांबा विचारालच. पण लपायला जागा हवी, म्हणून तळमजला आहे का आणि बाथरूम बिनखिडकीची, घराच्या मध्यावर आहे का, तेही विचारा. शिवाय लपताना पायात बूट हवेत, कारण बाहेर पडाल तेव्हा सगळीकडे काचा आणि खिळे असतात.