नुसता प्रसाद

प्रसाद नावाच्या मुलाला शाळेत काय सोसावं लागतं ते त्यालाच ठाऊक. सरांनी छडी उचलली की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणणार, "सर, प्रसादला प्रसाद!" आणि सर द्यायचे पण. तेव्हा वाटायचं, अनिल ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, अनिल म्हणजे वारा, वाऱ्याला कोण कशाला छडी मारेल.

बरं, हरिप्रसाद, देवीप्रसाद यांचं कसं, कोणाचा प्रसाद ते नावातच लिहिलेलं असतं. मी आपला नुसता प्रसाद, बेवारशी. उत्तरेकडे तर हे नावाच्या शेवटी लावतात, राजेंद्र प्रसाद बघा ना, त्यामुळे तिकडून कामाचा फोन आला की "प्रसादजी, पूरा नाम?" ठरलेलं. आणि लग्नपत्रिकेत एक काना जास्त पडून मी 'प्रासाद' झालो ते वेगळंच. म्हणजे राजवाडा. राहायला दोन खोल्या.

पण मध्ये एकदा सहज शब्दकोश उघडला आणि त्यातच अडकलो. धातू 'सद्', म्हणजे बसणं. जवळ बसणं ते उपनिषद, एकत्र बसणं ती संसद (तिथे बसतात किती ते सोडा), मन खचून बसणं तो विषाद. ही सगळी माझी भावकी निघाली की! मग प्रसादात काय बसतं? तर गाळ. पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची आणि मग कोणालाच हात लावू द्यायची नाही, तहान लागली तरी थांबा, आणि तासाभराने बघावं तर वरचं पाणी इतकं नितळ की हंड्याच्या कडेचा आतला पोचासुद्धा दिसायचा. संस्कृतात अशा पाण्याला 'प्रसन्न' म्हणतात. त्या पाण्याचा नितळपणा म्हणजे प्रसाद. आधी पाणी नितळ, मग मन, मग देव प्रसन्न, मग त्याची कृपा, आणि तिथून घसरत घसरत द्रोणातला शिरा.

कवितेतसुद्धा प्रसाद हा गुण आहे, वाचल्याबरोबर अर्थ कळला पाहिजे. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने त्याला उपमा दिलीय ती सुक्या लाकडात पसरणाऱ्या आगीची आणि स्वच्छ पाण्याची. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग, आणि अठराव्यात तोच अर्जुन म्हणतो 'त्वत्प्रसादात्' माझा मोह गेला, म्हणजे एका चुलतभावाकडून निघून दुसऱ्याकडे पोचायला त्याला अठरा अध्याय लागले. आणि शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी शेवटी जे पसायदान मागितलं त्यातलं 'पसाय' म्हणजे पण प्रसादच, लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला. मी ते शाळेत रोज म्हणत होतो, हात जोडून, स्वतःचंच नाव आहे याचा पत्ताच नाही.

हे सगळं उत्साहाने शाळेच्या ग्रुपवर टाकलं. बराच वेळ शांतता. मग मागच्या बाकावरच्याचा रिप्लाय आला, "म्हणजे सर तेव्हा तुझा गाळच खाली बसवत होते."