दाशी कशाची? ताकामात्सुचं उदोन आणि आईचा शाकाहार

जपानातल्या ओकायामाला का गेलो हे पुणेकरांना सांगायला नको. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, ती बाग तिथेच आहे. आईला ती डोळे भरून बघायची होती. मला मात्र पलीकडच्या शिकोकू बेटावर जाऊन उदोन खायचं होतं. ओकायामाहून ‘मरीन लायनर’ गाडी १९८८ साली सुरू झालेल्या सेतो पुलावरून समुद्र ओलांडते आणि तासाभरात ताकामात्सुला पोहोचवते. हा कागावा प्रांत, जुनं नाव सानुकी. इथे पाऊस कमी म्हणून भातापेक्षा गव्हाला सोयीचा, किनाऱ्यावर मीठ पिकायचं, शोयू म्हणजे सोया सॉस जवळच्या शोदोशिमा बेटावर लाकडी पिंपांत मुरतो. गव्हाच्या जाड, पांढऱ्याशुभ्र शेवयांचं उदोन इथे रुजलं ते त्यामुळे.

प्रश्न होता आईच्या जेवणाचा. मासे, मटण, अंडं, काहीच नाही. आणि जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. हे पातळ सार बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवून किसलेल्या माशाचं असतं. सानुकीत तर इरिको हे छोटे सुके मासे उकळून दाशी करतात. वाडग्यात माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही ते मांसाहारी वाटत नाही. आपण तरी फोडणीत हिंग आहे हे कुठे मुद्दाम सांगतो? ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगितलं की माणसं अगदी मनापासून भाज्यांचा वाडगा आणून ठेवतात, आणि भाज्या पोहत असतात माशाच्या पाण्यात.

म्हणून जपानीत काय बोलायचं ते मी निघण्याआधीच पक्कं केलं होतं. पहिलं वाक्य: ‘निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन.’ मांस आणि मासे खाता येत नाहीत. लगेच दुसरं: ‘साकाना नो दाशी मो दामे देस.’ माशाची दाशीही चालत नाही. आणि सगळ्यांत उपयोगी तिसरं: ‘नान नो दाशी देस का?’ दाशी कशाची आहे? मासा आहे का असं विचारलं की घाईच्या वेळी नुसती मान हलते आणि ती होकाराची की नकाराची हे कळत नाही. कशाची आहे विचारलं की उत्तरात पदार्थाचं नाव येतं. ‘इरिको’ किंवा ‘कात्सुओ’ ऐकू आलं तर थांबायचं. ‘कोम्बु’ म्हणजे समुद्री शेवाळ आणि ‘शिइताके’ म्हणजे अळिंबी. तेवढंच असेल तर बिनधास्त बसायचं.

ताकामात्सुतली बरीच उदोनची दुकानं सकाळीच उघडतात आणि शेवया संपल्या की दुपारीच बंद होतात. आम्ही अकराच्या सुमारास एका गल्लीतल्या दुकानात शिरलो. दारावरचा कापडी पडदा, नोरेन, बाहेर टांगलेला असला की दुकान चालू समजायचं. आत बैठी टेबलं आणि समोर लांबलचक ओटा. ट्रे उचलायचा, रांगेत सरकत जायचं, पहिल्याच माणसाला काय हवं ते सांगायचं. तो उकळत्या हंड्यापाशी उभा असतो आणि त्याचे प्रश्न ठरलेले असतात. कुठलं उदोन? लहान, मध्यम की मोठं? गरम की गार? म्हणजे शो, चू, दाइ आणि अत्ताकाइ, त्सुमेताइ. एवढे पाच शब्द कानात बसलेले असले की रांग आपल्यामुळे अडत नाही. माझं सोपं होतं: ‘काके, शो, अत्ताकाइ.’ गरम दाशीतलं उदोन, लहान.

आईसाठी मी फळ्यावर आधीच ‘किजोयु’ हेरून ठेवलं होतं. यात दाशी नसते. उकडून गार पाण्यात खळखळून धुतलेल्या शेवया, वरून नुसता शोयू. शेवयांत गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पण शोयूमध्येच दाशी मिसळलेल्या बाटल्याही सर्रास असतात, म्हणून ओट्यामागच्या मावशींना मी माझी तिन्ही वाक्यं सांगितली. त्यांनी आईकडे पाहिलं, ‘चोत्तो मात्ते कुदासाइ’, जरा थांबा, म्हणाल्या आणि आत गेल्या.

मागे रांग वाढत होती. आई कुजबुजली, “अगं, राहू दे, मी फळं खाईन.” तेवढ्यात मावशी हातात बाटली घेऊन आल्या. बाटली फिरवून मागची चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचून दाखवलं: सोयाबीन, गहू, मीठ. मग टेबलावर ठेवलेली दुसरी बाटली दाखवून दोन्ही हातांनी फुली केली. ती दाशीवाली, ती घ्यायची नाही. मागच्या रांगेतल्या कुणी चकार शब्द काढला नाही. परदेशात शाकाहारी जेवण शोधताना आपण उगाच संकोचतो असं मला मनापासून वाटतं. नेमकं सांगितलं तर स्वयंपाक करणारी माणसं ते फार गंभीरपणे घेतात. त्यांच्या हातचं अन्न कुणाला चालत नाही हे त्यांनाही नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं असतं.

पुढे तेन्पुराचे, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भज्यांसारख्या पदार्थांचे ट्रे होते. रताळं आणि कमळकाकडी दिसली आणि आईचा हात पुढे गेला. पण शेजारीच चिकुवा होतं, माशाच्या लगद्याची नळी, आणि त्याच्या बाजूला माकूळ. ‘कोरोमो नी तामागो वा हाइत्ते इमास का?’ वरच्या पिठात अंडं आहे का, विचारलं. आहे म्हणाले. नसतं तरी तेल एकच. आईने हात मागे घेतला. इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीतला भातही सोडला, कारण तो तोफू बहुधा दाशीतच शिजवतात. तिच्या वाडग्यात किसलेला मुळा, आलं, पातीचा कांदा, तीळ आणि सुदाचीची फोड आली. सुदाची हे शेजारच्या तोकुशिमातलं हिरवं, लिंबासारखं आंबट फळ.

आईने ते पिळलं, शोयूची जेमतेम धार सोडली आणि पहिली शेवई दातांखाली घेतली. सानुकी उदोनची खरी परीक्षा तिच्या चिवटपणात असते, त्याला ‘कोशी’ म्हणतात. बाहेरून गुळगुळीत, मऊ, पण चावताना आतून तटतटणारी. “नुसत्या गव्हाला एवढी चव?” आई म्हणाली आणि वाडगा संपेपर्यंत पुन्हा बोलली नाही. मी माझी दाशी पीत होते. इरिकोचा वास उग्र असेल असं वाटलं होतं, पण ती हलकी आणि किंचित गोडसर होती. किजोयूत मात्र गव्हाची चव उघडी कळते. पहिल्यांदा जाणाऱ्या मांसाहारी माणसानेही आधी तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. दोघींचं मिळून हजार येनच्या आत भागलं. वाडगे आपणच परतीच्या खिडकीत ठेवायचे आणि ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणून जेवणाचे आभार मानायचे.

संध्याकाळी ओकायामात परतल्यावर इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं मिळणाऱ्या जपानी खानावळीत गेलो. तिथली रीत वेगळी. बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. तिचे पैसे बिलात लागतात आणि तिच्यात मासा असू शकतो. त्यामुळे इथे मेन्यू उघडायच्या आधीच बोलावं लागतं. मी दारातच ‘फुतारी देस’ म्हणून दोघी असल्याचं सांगितलं आणि टेकल्या टेकल्या दाशीचं वाक्य म्हटलं. आईच्या वाटीत उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, एदामामे, आल्या. पुढे हियायाक्को म्हणजे गार तोफू मागवायचा होता. त्यावर कात्सुओबुशी भुरभुरवतात, ती नको असेल तर ‘नुकि’ म्हणायचं. दिवसभर ऐकून आईचं ते पाठ झालं होतं. मुलगी पाटी घेऊन आली तशी आईनेच मेन्यूतल्या चित्रावर बोट ठेवलं: “सुमिमासेन, कोरे, कात्सुओबुशी नुकि दे ओनेगाइशिमास.” मुलीने ते शब्द परत म्हणून खात्री केली, लिहून घेतलं आणि शोयू कुठला चालेल तेही विचारलं.