रोज पश्चात्ताप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"येशूनं वधस्तंभावर पापं उचलली म्हणता, मग रोज रात्री पुन्हा पश्चात्ताप कसला?" शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलं, शेजारच्या वहिनींनी विचारलं, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या माणसांनीही विचारलं. आणि त्याहून बोचरं म्हणजे, "रात्री माफी मागायची, सकाळी पुन्हा तेच. बरी सोय आहे!"

पहिल्याचं उत्तर बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात आहे. ज्याची अंघोळ झाली आहे त्याला फक्त पाय धुवायचे असतात, असं प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणाला. तारण एकदाच झालं. पाय रोज मळतात.

'सोय' हा शब्द मात्र मला लागतो.

आम्ही जालन्याचे, धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीकडचे. शेत थोडंच. एका वर्षी पेरणीच्या तोंडावर बाबांच्या चुलतभावानं ट्रॅक्टर घालून बांध कोरला. बाबा त्यांना चार माणसांत नको ते बोलले, त्यांच्या वारलेल्या आईवरून बोलले. रात्री घरात प्रार्थना चालू होती. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस', म्हणजे आम्ही दुसऱ्यांना माफ केलं तशी आम्हाला माफी दे, इथं बाबांचा आवाज थांबला. आई पुढं म्हणत राहिली, आम्हीही. बाबा उठले, चपला घातल्या, बॅटरी घेतली.

आई म्हणाली, "बांध त्यांनी कोरला अन् जायचं तुम्ही?"

"बांधाचं नाही, तोंडाचं बोलायला चाललोय."

मी मागं गेले. काका ओट्यावर बसलेले. बाबांनी टोपी काढली. "दादा, तुमच्या मायवरून बोललो. चुकलो. माफ करा." काकांनी मान वर केली नाही. बाबा तसेच उभे राहिले, मग वळले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

आठवडाभरात गावात बोललं जाऊ लागलं की यानं घरी येऊन कबुली दिली. पंच बसले तेव्हा काकांनी तेच पुढं केलं. तोंडाची माफी बांधाची कबुली झाली. पट्टा गेला.

मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांना म्हणाले, देवापाशी मागायची ना माफी, ओट्यावर कशाला? त्यांनी मत्तयाचा 5वा अध्याय काढला: वेदीपाशी अर्पण ठेव, आधी भावाशी समेट कर. मी पुस्तक मिटून दिलं. त्या मुलीला आजही मी पूर्ण चूक म्हणू शकत नाही. जमीन गेली, हे खरंच आहे.

पण सोय? 1517 साली पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैशानं विकली जात होती. तेव्हा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं त्याविरुद्ध 95 प्रबंध, म्हणजे छोटी विधानं, लिहिली, आणि त्यातला पहिलाच म्हणतो, विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. सोयीविरुद्धच होतं ते. बाबांना त्या रात्रीनं काय दिलं विचाराल तर झोप, एवढंच मला दिसलं.

काका आजही चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. त्यांच्या प्रार्थनेत काय असतं, ते प्रभू जाणो. बायबलातल्या जक्कय या जकातदारानं, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करीन म्हटलं होतं. काकांनी नुसता बांध जागेवर आणावा.

मी रोज रात्री स्वतःचं तपासते, आणि त्यात काकांवरचा राग रोज निघतो. बाबा म्हणतात, सोडून दे. मी म्हणते, राग सोडायचा प्रयत्न करते, पण मोजणीचा अर्ज दिलाय, तो मागं घेणार नाही. यावर आमचं अजून पटलेलं नाही.