होमावरची शिवी आणि स्पीकरवरची शिवी

कोकणात शिमग्याला होमाभोवती फाका, म्हणजे शिव्यांच्या आरोळ्या, घालतात. त्या शिव्यांची रात्र ठरलेली, जागाही ठरलेली. त्यांना कात्री लावूच नये! पण पालखी दारात असताना स्पीकरवर शिव्यांचं रॅप नको. तिथे गाणं साफ करूनच लावा.

शिवी झाकायला वापरतात तो १००० हर्ट्झचा बीप मात्र टाळा. मोठ्या स्पीकरवर तो कानात घुसतो आणि लक्ष शिवीकडेच जातं. अख्खा ट्रॅक म्यूट केलात तर ठेका तुटतो, नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. म्हणून आधी गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करा, मग आवाजातला तेवढाच शब्द कापा. दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज एकदम न तोडता उतरवत-चढवत न्या, नाहीतर ‘टक्’ वाजतं. मागचा एको हेडफोनवर तपासा. पुसलेली शिवी बऱ्याचदा तिथेच पुन्हा ऐकू येते.